सहा मिनिटांची खतावणी

दिवाळीत आपण वह्या पुजतो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल आता कुणाला जाणवत नाही. पैशाची पूजा सगळे जगच करते. आपल्या वाडवडिलांनी मात्र पाटावर पैशाशेजारी पैशाचा हिशेबही मांडला, त्याला हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या पानावर 'श्री' लिहून वर्षाचा आरंभ केला. हिशेब हे निव्वळ व्यापाऱ्याच्या सोयीचे साधन असते, तर त्याला हळदकुंकू कशाला? हिशेब लिहिणारा माणूस साक्ष देत असतो, आणि साक्ष खोटी होऊ नये म्हणून ती देवासमोर ठेवायची, असा काहीसा भाव त्यामागे असावा.

या लेखात मला एक जुनाच प्रश्न विचारायचा आहे. माणसाच्या कामाचा हिशेब किती बारीक असावा? आणि तो बारीक होत गेला म्हणजे माणूस अधिक प्रामाणिक होतो का? त्यासाठी जे उदाहरण घेणार आहे ते आपल्या गावापासून फार लांबचे आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या आणि त्यांचे वकील यांच्यातले ते आहे. पण या उदाहरणाशी माझा बारा वर्षांचा संबंध आला, म्हणून तेच घेतो.

मी बेळगावच्या दिवाणी कोर्टात काही वर्षे वकिली केली. पुढे २००७ साली बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी धरली. अमेरिकेतल्या कंपन्यांना त्यांच्या वकिलांकडून येणारी बिले ओळ न ओळ तपासायची, हे आमचे काम. गावी आलो की हे काम समजावून सांगताना पंचाईत व्हायची. आमच्या काकू एकदा म्हणाल्या, "अरे, वकिलाला कधी कुणी बिल विचारतं का?" काकूंचे म्हणणे आपल्याकडच्या अनुभवाला धरूनच होते. आपल्याकडे वकिलाची फी एकरकमी ठरते, नाहीतर टप्प्याटप्प्याने दिली जाते. वकीलपत्र दाखल करताना काही, कैफियतीला काही, पुराव्याला काही, युक्तिवादाला काही. कित्येक ठिकाणी तर तारखेगणिक. अशील पैसे देतो, वकील ते घेतो, आणि मध्ये कागद क्वचितच असतो. त्या व्यवहाराला आपण विश्वास म्हणतो. तो खरोखर विश्वास असतो की नाइलाज, याकडे पुढे येऊ.

अमेरिकेतही एके काळी असेच होते. वकील काम संपल्यावर एका ओळीचे बिल पाठवी. 'केलेल्या सेवेबद्दल' अमुक डॉलर. सेवा कोणती, हे विचारण्याची पद्धत नव्हती. अनेक राज्यांत वकिलांच्या संघटनांनी किमान फीचे दरपत्रकच छापून ठेवले होते. व्हर्जिनिया राज्यात घर विकत घेणाऱ्या एका गोल्डफार्ब दांपत्याला मालकी हक्काचे कागद तपासून हवे होते. वकिलाने घराच्या किमतीच्या एक टक्का फी सांगितली. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांनी उत्तर पाठवले. एकाचीही फी दरपत्रकाच्या खाली नव्हती. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७५ साली न्यायालयाने निकाल दिला की हे दरपत्रक म्हणजे संगनमताने भाव बांधणे आहे, सबब बेकायदा. सेवेला किंमत बांधून देणारा तो जुना गज मोडला. त्याची जागा घ्यायला दुसरा गज आधीपासूनच पुढे येत होता. तो म्हणजे तास.

या तासाच्या गजाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. कामाच्या वेळेची रोजची नोंद वकिलांच्या कचेरीत रुजवण्याचे श्रेय रेजिनाल्ड हेबर स्मिथ या गृहस्थांना दिले जाते. हे स्मिथ बोस्टनमध्ये गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. 'जस्टिस अँड द पुअर' हे त्यांचे पुस्तक १९१९ साली निघाले आणि त्याच वर्षी ते बोस्टनच्या हेल अँड डॉर या फर्मचा कारभार पाहू लागले. संस्थेत पैसा थोडा आणि दारात माणसे फार. तेव्हा एका प्रकरणाला वेळ किती जातो आणि खर्च किती येतो, हे कळावे म्हणून त्यांनी नोंदी सुरू केल्या. ती नोंद कचेरीने स्वतःला ओळखण्यासाठी होती. तासाचे दहा भाग पाडण्याची रीतही त्यांच्याच नावावर सांगतात. एक भाग म्हणजे सहा मिनिटे. आपल्या जुन्या मापात पंधरा पळे. गरिबांच्या वकिलाने आपल्या कामाचा आरसा म्हणून जे माप तयार केले, ते पन्नासेक वर्षांत श्रीमंतांच्या वकिलांचे विक्रीचे माप झाले. साधन तेच राहिले, हात बदलले.

तास विकायला लागल्यावर तासांची पैदास वाढली, यात आश्चर्य ते काय! तारखेला फी असली की तारखा वाढतात, हे बेळगावच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणत्याही पक्षकाराला विचारावे. तिकडे विमानात बसलेला वकील एका अशिलाला प्रवासाचे तास लावी आणि त्याच प्रवासात दुसऱ्याचे कागद वाचून त्यालाही तेच तास लावी. अमेरिकन बार असोसिएशनला १९९३ साली औपचारिक मत देऊन सांगावे लागले की एकच तास दोघांना विकता येणार नाही, आणि झेरॉक्सच्या कागदावरही नफा काढता येणार नाही. पुढच्याच वर्षी वेबस्टर हबेल यांनी गुन्हा कबूल केला. हे अमेरिकेच्या न्याय खात्यात वरच्या पदावर बसलेले गृहस्थ. त्याआधीच्या खाजगी वकिलीत त्यांनी अशिलांची आणि आपल्याच भागीदारांची खोट्या बिलांनी फसवणूक केली होती. त्यांना २१ महिन्यांची कैद झाली.

कंपन्या आधीच वैतागलेल्या होत्या. डुपाँ या रसायन कंपनीने १९९२ पासून आपले काम पाहणाऱ्या फर्मची संख्या साडेतीनशेच्या वरून चाळिसाच्या आत आणली. आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन बार असोसिएशन, कंपन्यांच्या पगारी वकिलांची संघटना, काही मोठ्या कंपन्या व फर्म यांनी, प्राइस वॉटरहाऊस या हिशेबनीसांच्या मदतीने, कामाच्या सांकेतिक क्रमांकांची एक यादी बनवली. तिचे नाव 'युनिफॉर्म टास्क-बेस्ड मॅनेजमेंट सिस्टिम'. कचेरीत आम्ही नुसते 'कोड' म्हणत असू.

वाचकांनी आकड्यांना भिऊ नये. कल्पना अगदी साधी आहे. खटल्याचे पाच भाग केले. एल-१०० म्हणजे प्रकरणाचा प्राथमिक अभ्यास, एल-२०० म्हणजे दावा, कैफियत आणि सुनावणीपूर्वीचे अर्ज, एल-३०० म्हणजे परस्परांकडून कागद आणि जबान्या मिळवण्याचा टप्पा, एल-४०० म्हणजे सुनावणी आणि एल-५०० म्हणजे अपील. प्रत्येकाच्या पोटात आणखी भाग. एल-१२० म्हणजे विश्लेषण आणि डावपेच, एल-१६० म्हणजे तडजोड, एल-३३० म्हणजे साक्षीदाराची कोर्टाबाहेर शपथेवर होणारी जबानी. हे झाले काम कशाचे, ते. आता ते काम कसे केले, त्याचे दुसरे क्रमांक. ए-१०२ म्हणजे संशोधन, ए-१०३ म्हणजे मसुदा करणे, ए-१०४ म्हणजे कागद वाचून त्यावर विचार करणे, ए-१०५ म्हणजे फर्ममधल्या फर्ममध्ये बोलणे, ए-१०६ म्हणजे अशिलाशी बोलणे. खर्चाचे निराळे. ई-१०१ झेरॉक्स, ई-१११ जेवण. वकिलाने दिवसभरात जे केले ते सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत तोडायचे आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही क्रमांक लावायचे. १९९८ साली या ओळी संगणकाने वाचाव्यात असा 'लेडेस' नावाचा बिलाचा नमुनाही ठरला.

ज्यांच्या घरी व्यापार आहे त्यांच्या ध्यानात एव्हाना आले असेल की यात नवे काहीच नाही. ही आपली खतावणी आहे. रविवार पेठेतल्या कोणत्याही अडत दुकानात पूर्वी दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा क्रमाने लिहायचा. मग तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उचलून मांडायची. रोजकीर्द सांगते दिवस कसा गेला. खतावणी सांगते पैसा कुठे गेला. अमेरिकन वकिलांचे जुने तासांचे बिल ही रोजकीर्द होती. आठ तासांत दहा कामे एकाच वाक्यात कोंबलेली, कशाला किती वेळ ते देव जाणे. कोड आले आणि त्याची खतावणी झाली.

खतावणीचे फायदेही झाले, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. कंपनीला पहिल्यांदाच दिसू लागले की जबान्यांवर किती पैसा जातो आणि सुनावणीवर किती. दोन फर्मचे एकाच तऱ्हेचे काम शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. खटल्याच्या सुरुवातीला टप्प्यानुसार अंदाजपत्रक मागता येऊ लागले. आणि किरकोळ खाते उघडे पडले. आपल्याकडे जुने दिवाणजी म्हणत की किरकोळ खर्चाचे खाते फुगले की मालकाने वही स्वतः हातात घ्यावी. कोडांमध्येही 'इतर' नावाचा क्रमांक आहे, ए-१११. ज्या बिलात हा क्रमांक वारंवार दिसे, ते बिल आम्ही चष्मा पुसून वाचत असू.

इथपर्यंत कथा न्यायाची आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे जे मानतात त्यांच्याशी माझे पटत नाही. खानापूर तालुक्यातला एक शेतकरी पक्षकार मला आठवतो. बांधाच्या वादात एकोणीस वर्षे तो तारखेला येत होता आणि प्रत्येक तारखेला काहीतरी देत होता. माझ्याकडे तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत पैसे दिल्याचा एकही कागद नव्हता. कोणत्या तारखेला काय झाले, कोणता अर्ज कशासाठी दिला, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. "वकीलसाहेब करतील ते खरं," एवढेच तो म्हणे. याला विश्वास म्हणणे म्हणजे विश्वास या शब्दाची विटंबना आहे. विश्वास ठेवण्यासाठी न ठेवण्याची मुभा हातात असावी लागते. ज्याच्याजवळ हिशेब मागण्याची ताकदच नाही, त्याच्या मौनाला आपण श्रद्धेचे नाव देतो आणि सुटतो. म्हणून कोडांची टिंगल करणाऱ्या वकिलांना मी नेहमी म्हणत आलो की अशिलाला विचारू द्या.

मात्र विचारण्याची आणि न विचारता कापण्याची हत्यारे दिसायला सारखीच असतात. खरी अडचण इथून सुरू होते.

बंगळूरला असताना एकाच आठवड्यात माझ्यासमोर दोन बिले आली. नावे सांगण्याचा प्रश्नच नाही, आणि त्यांची गरजही नाही. पहिल्या बिलात एका कनिष्ठ वकील बाईंची एक ओळ होती. एल-१२०, ए-१०४, साडेसात तास. त्या कंपनीचा नियम असा की परवानगीशिवाय विश्लेषणाला पाच तासांवर पैसे द्यायचे नाहीत. संगणकाने ओळ लाल केली. दुसऱ्या बिलात ३१ ओळी होत्या. प्रत्येक ओळ ०.१ तासाची, कोड बिनचूक, वर्णन 'ई-मेल वाचला'. पत्रे पाहिली तर बहुतेक एकेका वाक्याची. 'मिळाले, आभार' या थाटाची. पण एका पत्राला सहा मिनिटे, हे सर्वांत लहान माप. त्याहून लहान मापच नाही. ३१ पत्रांचे ३.१ तास झाले. संगणकाला एकही ओळ खटकली नाही.

नियम असा की लाल ओळ कापावी, साधी ओळ जाऊ द्यावी. मी दोन्हीकडे प्रश्न पाठवला. पहिल्या फर्मकडून तीन ओळींचे उत्तर आले. जुन्या कराराच्या शेवटच्या परिशिष्टात एक कलम होते, ते मूळ करारातल्या एका व्याख्येकडे बोट दाखवत होते. म्हणून त्या बाईंनी सगळा करार आणि त्याच्या दुरुस्त्या पहिल्यापासून वाचल्या. त्यांच्या ध्यानात आले की कंपनीचा मुख्य बचाव टिकणार नाही. दोन पानांचे टिपण करून त्यांनी तडजोड सुचवली, आणि कंपनीने ती केली. त्या साडेसात तासांनी पुढचे एल-३०० आणि एल-४०० चे कित्येक महिने वाचवले होते. जे काम टळले त्याला कोड नसतो. दुसऱ्या फर्मने उत्तर दिले की सर्व नोंदी करारातल्या नियमांनुसार आहेत. तेही खरेच होते.

कुणी म्हणेल, बाईंच्या वाचनातून काही निष्पन्न झाले म्हणून ते वाचन सार्थकी लागले. पण करार पहिल्यापासून वाचूनही त्यांना काहीच सापडले नसते तर? ते साडेसात तास लबाडीचे ठरले असते काय? वैद्य नाडी पाहतो आणि 'काही नाही' म्हणतो, तेव्हा त्याने काहीच केले नाही असे आपण म्हणत नाही. काळजीपूर्वक केलेला शोध हा रिकाम्या हाताने परतला तरी शोधच असतो. गीतेतला कर्मयोग अकाउंट्स विभागाला समजावणे कठीण, हे खरे. म्हणूनच तो प्रश्न माणसाने माणसाला विचारावा लागतो.

कोडाला इतकेच कळते की काम कोणत्या खणात बसते. ते करायला हवे होते का, मन लावून केले का, कमी वेळात झाले असते का, यांपैकी काही त्याला कळत नाही. ते कळत नाही हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. खतावणीला तरी कुठे कळते? गफलत होते ती आपण खणालाच न्यायाधीश करतो तेव्हा.

आणि तसे करण्याचा मोह किती मोठा, हे मी तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले आहे. आमचे कामही मोजले जात असे. तासाला किती ओळी पाहिल्या, किती रक्कम कापली. कापलेल्या रकमेला 'बचत' म्हणत आणि ती महिन्याच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे येई. प्रश्न विचारायला पंधरा-वीस मिनिटे जात आणि तक्त्यात त्यांची किंमत शून्य. कापायला अर्धे मिनिट पुरे आणि लगेच बचत जमेला. म्हणजे तिकडे वकिलाला तास वाढवण्याचा मोह आणि इकडे आम्हाला ते तोडण्याचा. दोघांच्याही हाती एकच यादी होती आणि दोघेही आपण नियमाने वागतो म्हणून निश्चिंत होते. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना जे दाखवले, ते इथे जसेच्या तसे लागू पडते. मोजमाप हेच ध्येय झाले की मोजमाप काही सांगेनासे होते.

यात आणखी एक तिसरा माणूस असतो, आणि त्याची आठवण सर्वांत शेवटी होते. विम्याच्या खटल्यात वकिलाचे पैसे विमा कंपनी देते, पण वकील उभा असतो विमा उतरवलेल्या माणसासाठी. विमा कंपन्यांनी नियम केले की अमुक जबानी घेण्याआधी, अमुक संशोधनाआधी आमची परवानगी घ्या, आणि तपशीलवार बिले आम्ही नेमलेल्या तपासनिसांकडे पाठवा. मोंटाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे दोन्ही नामंजूर केले. न्यायालयाचे म्हणणे असे की वकिलाचा अशील तो विमा उतरवलेला माणूस. त्याच्या बचावात काय करावे हे वकिलाच्या स्वतंत्र बुद्धीने ठरावे, पूर्वपरवानगीच्या नियमाने नव्हे. आणि त्याच्या खटल्याचा तपशील त्याच्या संमतीवाचून बाहेरच्या तपासनिसाला दाखवणे म्हणजे त्याचे गुपित फोडणे. बाहेरचा तपासनीस म्हणजे आमच्यासारखाच कोणी. हा निकाल मी बंगळूरला वाचला तेव्हा समोरच्या पडद्यावरच्या ओळींकडे नव्याने पाहिले. एका वकिलाने कोणत्या दिवशी कोणत्या साक्षीदाराची किती वेळ तयारी केली, हे तिथे लिहिलेले असते. कोडांची ती रांग म्हणजे कुणाच्या तरी भीतीचा आणि आशेचा नकाशा असतो.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी धन हडपण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. त्या यादीची आणि अमेरिकन यादीची तुलना मला नेहमी करावीशी वाटते. कौटिल्याने चोरीची वर्गवारी केली, अमेरिकनांनी श्रमाची. कौटिल्य उघड उघड म्हणतो की माणूस खाणार, तेव्हा कुठे कुठे खातो ते ओळखून ठेवा. त्याचा संशय कडू असला तरी सरळ आहे, आणि चौकशी करायला तो माणूस नेमतो. अमेरिकन यादी संशयाचा शब्दही उच्चारत नाही. ती फक्त काम खणांत मांडते. तिच्यात संशय इतका सभ्य झाला आहे की तो कुणाचा आहे हेच कळत नाही. बिल कापले गेले की वकिलाला चिठ्ठी जाते, 'नियम क्रमांक अमुक'. कुणी कापले, का कापले, त्याने ते काम वाचले तरी का, याला उत्तर नाही. जिथे नाकारणाऱ्याला तोंड दाखवावे लागत नाही, तिथे अन्याय फार स्वस्त होतो. आणि जिथे घेणाऱ्याला फक्त खण भरावा लागतो, तिथे लबाडीही तितकीच स्वस्त.

मग काय करावे? कोड फेकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. खानापूरच्या त्या शेतकऱ्याची रिकामी पिशवी मला तसे म्हणू देत नाही. माझे म्हणणे एवढेच की कोड हा प्रश्न विचारण्यासाठी आहे, निकाल देण्यासाठी नाही. लाल ओळ म्हणजे 'इथे थांब आणि विचार' अशी खूण. ती कापायची असेल तर कापणाऱ्याने ते काम वाचलेले असावे आणि आपले नाव खाली लिहावे. जितक्या बारकाईने हिशेब मागायचा तितक्याच बारकाईने तो वाचण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. सहा मिनिटांचा हिशेब मागून अर्ध्या मिनिटात तो निकालात काढणे, हा हिशेबाचा व्यवहारच नव्हे. लिहिणारा साक्ष देत असेल, तर वाचणारा न्यायासनावर बसलेला असतो, आणि न्यायासनावर बसून डुलकी घेणे हे खोट्या साक्षीइतकेच वाईट.

अलीकडे या कामात आणखी एक फेरफार झाला आहे. वकिलाने वर्णन लिहिले की त्याला कोणता कोड लावायचा, ते संगणकच सुचवतो. तपासणीही पुष्कळशी तोच करतो. माझे जुने सहकारी सांगतात की चुका कमी झाल्या आणि कंटाळा वाचला. तेही खोटे नाही. संध्याकाळी दमलेल्या वकिलाने खण शोधत बसावे, यात काही पुण्य नव्हते. तरीही मला एक शंका सतावते. वकील जेव्हा स्वतःच्या हाताने एल-१२० लिहीत असे, तेव्हा क्षणभर तरी त्याला स्वतःला विचारावे लागे की या वेळात मी खरोखर काय करत होतो? विचार करत होतो, की विचार करत असल्यासारखा बसलो होतो? स्मिथसाहेबांच्या मूळ नोंदवहीत हाच प्रश्न होता. कचेरीने स्वतःकडे पाहावे म्हणून ती होती. आता एक यंत्र लिहिणार आणि दुसरे यंत्र वाचणार असेल, तर हिशेब पूर्वीपेक्षा नेटका होईल, पण साक्ष कोणाची?

पाटावर वही मांडताना आपण ती कोरी मांडतो. पूजा गेल्या वर्षीच्या नफ्याची नसते. पुढच्या वर्षी या पानांवर जे लिहू ते खरे लिहू, अशी ती कबुली असते. घरात आता वही नसेल, संगणक असेल. काहींकडे त्याच्यावरही हळदकुंकू वाहतात. वाहावे. फक्त हळदकुंकू वाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनीही त्या पाटासमोर बसायचे असते.